हात किंवा पाठ कामातून गेली, आता आयटी: कोल्हापुरातनं सुरुवात कशी करायची

शिरोलीत पॉवर प्रेसवर बोटं गेलेली, फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेला पार्ट घासून साफ करताना, ग्राइंडरची ठिणगी डोळ्यात गेलेली, इचलकरंजीत लूमवर धोटा लागलेला, उसाचा ट्रॅक्टर उलटून मणका दुखावलेला. अशा माणसाला घरी आल्यावर महिन्याभरात कुणीतरी सांगतंच, "आता कॉम्प्युटरचं काहीतरी कर की, बसून काम असतंय." सल्ला बरोबर आहे, पण पुढचं काही सांगत नाही. कॉम्प्युटरचं म्हणजे नेमकं काय, शिकेपर्यंत घर कशावर चालवायचं आणि पस्तिशी उलटलेल्या माणसाला बाविशीच्या इंजिनिअरांच्या रांगेत कोण उभं करणार, हे तिघं मित्र चहा पिताना सुटत नाही.

मी स्वतः मशीन शॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर होतो. पाठीच्या ऑपरेशननंतर उभ्याची पाळी बंद झाली. आता कारखान्यांना ईआरपी (स्टॉक, खरेदी, उत्पादन, बिलं एकत्र सांभाळणारं) सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत सपोर्टला आहे. त्यामुळं पुढचं सगळं त्या बाजूनं झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा. माझं मत सरळ आहे. आयटीत शिरायचं तर जुन्या कामाला लागून जे दार आहे, त्यातनं शिरा. पाटी कोरी करून कोडिंगच्या सहा महिन्यांच्या कोर्सला बसणं हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दीचा रस्ता आहे.

पण त्याआधी पैसे.

राजीनाम्यावर सही करण्याआधी

"वैयक्तिक कारणास्तव काम सोडत आहे" असा टाइप केलेला कागद पुढं आला तर तो घरी घेऊन या, सही करू नका. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षांची सलग नोकरी लागते. पण अपघातानं किंवा आजारानं आधीचं काम करण्याजोगं शरीर राहिलं नाही म्हणून नोकरी संपली, तर ती पाच वर्षांची अट लागत नाही. कागदावर "वैयक्तिक कारण" आलं की हा मुद्दा भांडून सिद्ध करावा लागतो. काम का सुटलं हे कागदावर खरं लिहून घ्या.

पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापलं जात होतं का, बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ते लागू होतं, दिव्यांग व्यक्तीसाठी ही मर्यादा २५,००० आहे. कामावर इजा झाली तर कामावर जाता येत नाही तेवढे दिवस सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के मिळतात. आणि याला "इतके महिने वर्गणी भरलेली हवी" अशी अट नाही, नोकरीला लागून आठवडा झाला असला तरी चालतं. घरातनं कामावर जाता-येतानाचा अपघातसुद्धा, कामाशी संबंध दाखवता आला तर, यात धरला जातो. इजा कायमची असेल तर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या हिशेबानं दरमहा पैसे येतात. बोर्डासाठी स्वतः मागे लागा, आपोआप काही होत नाही. ४० टक्के किंवा जास्त कायम अपंगत्व आणि वय ४५ च्या आत असेल, तर व्यावसायिक पुनर्वसनाच्या प्रशिक्षणाबद्दलही तिथंच विचारा.

ठेकेदाराकडं होता? मुख्य कारखान्याची जबाबदारी त्यामुळं सुटत नाही. ईएसआय अजिबात लागू नसेल तर मालकाकडनं नुकसानभरपाई मागता येते. ईएसआय असेल तर ही दुसरी भरपाई मिळत नाही. दोन्हीकडं अर्ज करायला लावणारा एजंट भेटला तर लांब राहा.

आता लोक विसरतात ते. बँकेचं पासबुक उघडा आणि वर्षातनं एकदा २० रुपये कापलेले दिसतात का पाहा, साधारण मे-जूनमध्ये. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. एक डोळा पूर्ण गेला किंवा एक हात वा पाय कायमचा निकामी झाला तर १ लाख, दोन्ही गेले तर २ लाख. नुसती बोटं गेली तर यात बसत नाही. नावावर सातबारा असेल, म्हणजे आपल्याकडं निम्म्या कामगारांच्या असतोच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं जा. खातेदार आणि घरातली आणखी एक व्यक्ती त्यात येते. दोन्ही योजनांत कळवायची मुदत थोडी असते, म्हणून दवाखान्यात असतानाच घरच्या कुणाला तरी कामाला लावा. रस्त्यावरचा अपघात असेल तर मोटार अपघात दाव्याला २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आली आहे, वकील लवकर गाठा.

पीएफ काढताना घाईनं पेन्शनचाही फॉर्म भरून सगळं रिकामं करू नका. कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं असेल तर एक महिन्याच्या वर्गणीवरसुद्धा अपंगत्वाची पेन्शन लागू होऊ शकते. एकदा काढून घेतलं की ते दार बंद.

शेवटचा कागद यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि तपासणीला सीपीआर या सरकारी दवाखान्यात जायचं. ४० टक्के ही रेघ महत्त्वाची आहे. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, एसटीच्या तिकिटातली सवलत आणि व्यवसाय करातली सूट तिच्या वर मिळते. बोटं गेलेल्या बऱ्याच जणांचा आकडा त्याच्या खाली येतो, मग नाराज होऊन कार्डच घेत नाहीत. तरी घ्या, अपंगत्वाचा सरकारी पुरावा म्हणून ते उपयोगी पडतं.

एसटी, केएमटी, महापालिका किंवा कुठल्याही सरकारी आस्थापनेत असाल तर हा लेख तुम्हाला कदाचित लागणारच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापना काढू शकत नाही किंवा पदावनती करू शकत नाही. दुसरं काम त्याच पगारावर द्यावं लागतं. खाजगी कारखान्याला हे कलम लागू नाही.

बसून काम म्हणजे सोपं काम नव्हे

मणक्याच्या पेशंटला आठ तास खुर्ची ही उभ्याच्या पाळीइतकीच वाईट पडू शकते. कोर्सची फी भरायच्या आधी दोन आठवडे घरीच चाचणी घ्या. रोज चार तास टेबलावर, दर अर्ध्या तासानं उठून. चौथ्या दिवशी पाय बधिर होत असतील तर फिजिओथेरपिस्टला दाखवून टेबल-खुर्चीची उंची, पायाखाली पाट, कमरेमागं आधार हे सगळं ठरवा. डॉक्टरकडनं "उभं राहून आणि बसून आलटून-पालटून काम करू शकतो, वजन उचलू नये" असं स्पष्ट लिहून घ्या. पुढं मुलाखतीत तो कागद कामाला येतो.

एक हात किंवा काही बोटं नसतील तर विंडोजमध्ये शिफ्ट की सलग पाच वेळा दाबा. स्टिकी कीज चालू होतं, मग कंट्रोल आणि सी एकत्र दाबावं लागत नाही, एकामागून एक दाबलं तरी चालतं. विंडोज की आणि एच दाबलं की बोलून टाइप करता येतं. गूगल डॉक्समध्ये बोलून मराठी चांगली उमटते. दृष्टी गेली असेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे आणि नुसत्या कीबोर्डवर अख्खा कॉम्प्युटर चालवता येतो. एका हातानं टायपिंगचा वेग सुरुवातीला रडकुंडीला आणतो. सपोर्ट आणि टेस्टिंगच्या कामात मात्र मिनिटाला पंचवीस-तीस शब्द पुरतात, डोकं जास्त लागतं.

लॅपटॉप नवा घेऊ नका. ऑफिसांतनं निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप मिळतात. ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं बघा, बाकी दुकानदार काय वाट्टेल ते सांगू दे.

दार कुठलं

आता मुख्य गोष्ट. आपल्या भागात सॉफ्टवेअर म्हटलं की लोकांना हिंजवडी दिसतं, नाहीतर टेंबलाईवाडीचा आयटी पार्क. पण कोल्हापुरात सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त चालतं कुठं? फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये, साखर कारखान्याच्या काट्यावर, दूध संस्थेच्या संकलनावर, पतसंस्थेच्या काउंटरवर. तिथं बिघाड झाला की फोन घेणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाला धंदा कळत नसेल तर फोन तासभर चालतो.

एक उदाहरण घ्या. गोकुळ शिरगावच्या एखाद्या युनिटमधनं फोन येतो, "स्टॉक जुळत नाही." पदवीवाला पोरगा प्रोग्राम तपासायला लागतो. फाउंड्रीत काम केलेला माणूस आधी विचारतो, "मशीनिंगला बाहेर किती पीस गेलेत? चलन केलंय की नुसते टेम्पोत भरून पाठवलेत? रिजेक्शन परत आलेलं भट्टीत गेलं, ते नोंदवलंय का?" दहात आठ वेळा घोळ तिथंच असतो. आपला अख्खा उद्योग जॉब वर्कवर चालतो. कास्टिंग एकाकडं, मशीनिंग दुसऱ्याकडं, हीट ट्रीटमेंट तिसऱ्याकडं. जीएसटीत जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर तो विकला असं धरून कर लागतो. पॅटर्न नंबर, हीट नंबर, बॉक्स, रनर-रायझरचं वजन, यील्ड हे शब्द कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत. तुम्हाला ते फुकट येतात. ईआरपी सपोर्ट आणि पुढं इम्प्लिमेंटेशन हे दार म्हणून फाउंड्री, मशीन शॉप, स्टोअर, डिस्पॅच आणि क्वालिटीवाल्यांसाठी मी पहिलं धरतो. पगार सुरुवातीला फार नसतो, हे आधीच सांगतो. महिनाअखेर, ११ आणि २० तारखेच्या जीएसटी रिटर्नच्या आसपास आणि मार्चमध्ये फोन थांबत नाहीत.

साखर कारखान्याकडं वाहतूक केलेली, तोडणीची टोळी सांभाळलेली माणसं कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाला किंवा त्यांना सॉफ्टवेअर देणाऱ्यांना हवी असतात. लागण नोंद, तोडणी स्लिप, काट्यावरचं वजन, मग बिल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात, त्यामुळं हंगामात सॉफ्टवेअर बंद पडलं की काय होतं हे वेगळं सांगायला नको. दूध संस्थेचं तसंच. फॅट, एसएनएफ, दर दहा दिवसांचं बिल. सकाळी संकलनाच्या वेळी मशीन अडलं तर दारात किटल्या घेऊन उभी माणसं थांबत नाहीत.

दुसरं दार टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणं. क्वालिटीमध्ये असलेल्यांना हे पटकन जमतं. व्हर्निअर आणि गेजऐवजी स्क्रीन, पण सवय तीच: ड्रॉइंगमध्ये काय म्हटलंय आणि हातात काय आलंय. चूक शोधणं आणि ती दुसऱ्याला परत करून दाखवता येईल अशी लिहिणं हे कौशल्य आहे. आयएसटीक्यूबी या टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची फाउंडेशन परीक्षा ४० प्रश्नांची असते, ६५ टक्क्यांना पास. वेळ ६० मिनिटं, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना ७५. सर्टिफिकेटनं नोकरी लागत नाही, पण दहावी-आयटीआय झालेल्याचा बायोडेटा बाजूला पडायचा थांबतो. पुण्यातल्या नोकऱ्या या दारातनं जास्त आहेत. नुसतं हातानं टेस्टिंग करणाऱ्यांची मागणी मात्र कमी होत चालली आहे, तेव्हा वर्षभरात ऑटोमेशन शिकायची तयारी ठेवा.

तिसरं, डेटा. रोजचा प्रॉडक्शन रिपोर्ट एक्सेलमध्ये बनवणाऱ्या सुपरवायझरला एसक्यूएल (डेटाबेसमधनं माहिती काढायची भाषा) आणि पॉवर बीआय (आकड्यांचे तक्ते-आलेख करायचं सॉफ्टवेअर) इथपर्यंत जाणं लांब नाही.

हार्डवेअर-नेटवर्किंगचं नाव लोक पहिलं घेतात. पाठ किंवा हात गेलेल्यानं ते शेवटी घ्यावं. कागदावर बैठं काम, प्रत्यक्षात यूपीएस उचलणं, शिडीवर चढून केबल ओढणं आणि मोटारसायकलवर गावभर फिरणं. पुण्या-बंगळुरातल्या मोठ्या कंपनीच्या हेल्पडेस्कवर फोनवरनंच काम होतं, पण तिथं रात्रपाळी आणि अस्खलित बोलता येणारं इंग्रजी दोन्ही लागतं.

आणि प्रोग्रामिंग? मनापासनं आवडत असेल तर जरूर. आधी एक दार उघडून घरात पगार येऊ दे, मग संध्याकाळी शिका. ईआरपी सपोर्टमधनं डेव्हलपर झालेले मी पाहिलेत. उलट बाजूनं, कोर्स करून दीड वर्ष घरी बसलेलेही पाहिलेत.

शिकायचं काय आणि कुठं

क्रम असा ठेवा: टायपिंग, एक्सेल, एसक्यूएल, मग दारानुसार पुढचं. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि व्हीलुकअप हात न थांबता यायला हवं. एसक्यूएलमध्ये सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉइन. सपोर्टच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं एवढ्यात निघतात. सरावाला एसक्यूलाइट फुकट आहे.

मराठीतनं सुरुवात करायची तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. लिबर ऑफिस, लिनक्स, पायथन असे बरेच विषय मराठी आवाजात फुकट आहेत, छोटे-छोटे व्हिडिओ. बाजूला खिडकी उघडून सोबत करत जायचं. टॅली प्राइमची शैक्षणिक आवृत्ती पैसे न भरता चालते, फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच एन्ट्री घेते. शिकायला तेवढं बास. ईआरपी हाताळायचं असेल तर ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे. त्यात एक काल्पनिक फाउंड्री उभी करा, जॉब वर्कची चलनं काढा.

कागद हवा असेल तर कळंब्याच्या शासकीय आयटीआयमध्ये कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) ट्रेड आहे का, प्रवेश कधी, ते विचारा. कोपा एक वर्षाचा, दहावीवर मिळतो आणि प्रवेशात दिव्यांगांसाठी जागा असतात. बारावी झाली असेल आणि पदवी राहिली असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण. मोठ्या कंपन्यांच्या अर्जात पदवीचा रकाना रिकामा असला की पुढं जात नाही, त्यामुळं नोकरी करत पदवी पूर्ण करणं पुढं फायद्याचं ठरतं. एमएस-सीआयटी सरकारी नोकरीच्या अटीसाठी करा. त्यावर आयटीत नोकरी लागेल असं कुणी सांगत असेल तर हसून पुढं जा. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांकडनं तुमच्या प्रवर्गाला फुकट प्रशिक्षण मिळतं का, तेही बघा.

राजारामपुरीतल्या गल्ल्यांत क्लासच्या पाट्या कमी नाहीत. "शंभर टक्के जॉब गॅरंटी" असं लिहिलेल्या पाटीखाली उभं राहून एकच मागा: गेल्या बॅचमधल्या तीस वर्षांवरच्या तीन विद्यार्थ्यांशी बोलायला द्या. दिले तर आत जा. भरपाईचे पैसे हातात आल्याचं कळलं की घरी येणारे सल्लागार वाढतात, म्हणून तो आकडा कुणाला सांगू नका. नोकरीसाठी डिपॉझिट, लॅपटॉपची अनामत, "घरबसल्या डेटा एन्ट्री"ची रजिस्ट्रेशन फी मागणारे सगळे फसवे.

दिवसाला चार तास धरले तर सपोर्टच्या नोकरीच्या तयारीला आठ-दहा महिने धरा. दवाखाना आणि फिजिओथेरपी चालू असेल तर वर्ष.

दाखवायला काहीतरी हवं

पदवी नसलेल्या माणसाचा बायोडेटा दोन मिनिटांत वाचून होतो. त्यासोबत एक केलेलं काम असेल तर बोलणं होतं. माझी सूचना: रिजेक्शन रजिस्टर. तुमच्या जुन्या शॉपसारखा तीनशे ओळींचा बनावट डेटा तयार करा. खऱ्या कंपनीचा डेटा, गिऱ्हाइकाचं नाव किंवा पार्ट नंबर अजिबात वापरायचा नाही, तो त्यांचा आहे. रकाने असे: तारीख, पाळी, हीट नंबर, पॅटर्न, ओतलेले पीस, नापास पीस, दोष. दोषात ब्लो होल, सँड इन्क्लूजन, श्रिंकेज, कोल्ड शट, मिसमॅच. मग एसक्यूएलनं उत्तरं काढा. कुठल्या पाळीत ब्लो होल जास्त, कुठल्या पॅटर्नला मिसमॅच, पाऊस सुरू झाल्यावर वाळूतल्या ओलाव्याचा परिणाम दिसतो का. दोन पानांत मराठी किंवा साध्या इंग्रजीत लिहा, तक्ते जोडा. मुलाखत घेणाऱ्याला एसक्यूएल तुमच्यापेक्षा जास्त येत असेल, पण मिसमॅच कशानं होतो हे तुम्हीच त्याला समजावणार, आणि त्या दहा मिनिटांत नोकरीचं बरंचसं ठरतं.

टेस्टिंगवाल्यांनी रोजच्या वापरातलं एखादं ॲप घ्यावं आणि पंधरा नीट लिहिलेल्या टेस्ट केस व चार-पाच बग रिपोर्ट तयार करावेत.

नोकरी मागताना

उद्यमनगर, शिरोली, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या ओळखी हेच तुमचं पोर्टल. जुन्या कारखान्यात कुठलं सॉफ्टवेअर होतं, ते बसवायला कोण यायचं, त्याचा फोन नंबर स्टोअर किंवा अकाउंट्समध्ये नक्की असतो. तिथनं सुरू करा. सोबत महास्वयम या सरकारी रोजगार पोर्टलवर नाव नोंदवा, टॅलीच्या भागीदार कंपन्या गाठा, साखर कारखान्यांत हंगाम सुरू व्हायच्या आधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चौकशी करा.

अपघाताबद्दल विचारतील. दोन वाक्यं पुरेत: काय झालं आणि आता काय करता येतं. मग लगेच गरज सांगा. "दर तासाला पाच मिनिटं उठावं लागतं", "डाव्या हातानं टाइप करतो, स्टिकी कीज लागतं". कुणाची चूक होती, मालकानं काय केलं, ही गोष्ट मुलाखतीत काढू नका. ती खरी असली तरी ऐकणारा स्वतः मालक असतो. मधल्या रिकाम्या काळासमोर "उपचार आणि प्रशिक्षण" असं सरळ लिहा.

जागा बघून घ्या. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, संडास कमोडचा नाही, गिऱ्हाइकाकडं जायचं तर स्वतःची मोटारसायकल हवी, असल्या गोष्टी पहिल्या दिवशी कळण्यापेक्षा मुलाखतीला कळलेल्या बऱ्या. साइट व्हिजिट किती आणि रिमोटनं काम किती, हे होकार देण्याआधी विचारा.

ईएसआयकडनं कायम अपंगत्वाचे दरमहा पैसे येत असतील तर ते बंद होतील या भीतीनं काही जण नवी नोकरी लपवतात किंवा घेतच नाहीत. कामावरच्या इजेमुळं मिळणारा हा लाभ आयुष्यभराचा असतो, दुसरीकडं पगार सुरू झाला म्हणून थांबत नाही. वर्षाचा हयातीचा दाखला तेवढा वेळेवर द्या आणि नव्या कंपनीला जुनाच ईएसआय नंबर सांगा, दुसरा काढू देऊ नका.